झाडांच्या आधी आलेली सावली

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी नाक मुरडायला नको — माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तेव्हाही नव्हता, आजही नाही. मी दीक्षा घेतलेल्या घरातली मुलगी. माझ्या वडिलांनी नागपूरला ज्या दिवशी घरातले जुने देव उतरवले, त्याच दिवशी त्यांच्याबरोबर मुंजा, चकवा, हडळ, अंगात येणं, उतारे टाकणं हे सगळंच घराबाहेर गेलं. कुणी पिंपळावरच्या मुंजाची गोष्ट सांगायला बसलं की मी विचारायचे, "थो जेवते काय?" आणि गोष्ट तिथंच बंद पडायची. या सदरातले अनुभवही मी वाचते, त्यातल्या अर्ध्यांना हसते, आणि उरलेल्या अर्ध्यांत लिहिणाऱ्याने आदल्या रात्री काय खाल्लं असेल याचा विचार करते.

पण एक गोष्ट माझ्याजवळही आहे. इतकी वर्षं ती घराबाहेर गेली नाही. परवा नात म्हणाली, "आजी, वो पेड़वाली बात लिख दो ना, मैं टाइप कर देती हूँ." तिला मराठी बोलता येतं, लिहायला बसली की फे फे उडते. तेव्हा चुका दिसल्या तर त्या तिच्या...

भिलाईतला तो रस्ता ज्यांनी आज पाहिला असेल त्यांना वेगळं सांगायला नको. सरळ, रुंद, दोन्ही बाजूंना रेन ट्री. फांद्या वर रस्त्याच्या मधोमध एकमेकींत शिरलेल्या. मे महिन्यात सगळं गाव भाजत असतं आणि इथं आल्यावर स्कूटरवाले मुद्दाम वेग कमी करतात, तेवढंच जरा सावलीत राहायला मिळतं म्हणून. संध्याकाळ झाली की पानं मिटतात, आणि मग फांद्यांतून कारखान्याच्या बाजूचं लाल आभाळ दिसायला लागतं. नव्या लोकांना वाटतं, झाडं पूर्वीपासूनच असतील आणि रस्ता मागाहून मधून काढला असेल. उलट आहे. मी तिथं राहायला आले तेव्हा त्या रस्त्यावर औषधालासुद्धा झाड नव्हतं.

मी लग्न होऊन आले ती कारखान्याची उभारणी जोरात असतानाची गोष्ट. आमचे हे आधी दुर्ग लाइनवर रेल्वेत होते, तिथून कारखान्याच्या यार्डात शंटिंगला लागले आणि क्वार्टर मिळालं. क्वार्टर नवंकोरं, भिंतींना चुन्याचा वास, आणि दार उघडलं की समोर नुसता लाल मुरूम. लांबवर क्रेन, धूर, धूळ. पक्षी म्हणाल तर घार, तीही उंचावर. नागपूरच्या आमच्या वस्तीत निदान बाभळी होत्या! पहिल्याच आठवड्यात मी ह्यांना म्हटलं, "अठी सावली कोठी हाय?" तर म्हणाले, "बनून राहिली. सगळं बनूनच राहिलं न अठी. सावलीबी बनन."

आणि खरंच, पुढल्या उन्हाळ्यात रस्त्याच्या दोन्ही कडांना खड्डे खणायला सुरुवात झाली. जमीन अशी कडक की कुदळ मारली की ठिणगी उडायची. त्या खड्ड्यांत काळी माती आणि शेणखत आणून टाकलं. पहिला पाऊस झाला की रोपं लागणार होती.

त्याच सुमारास माझी सुजाता झाली. बाळंतपण घरीच झालं, सासूबाईंच्या हाताखाली. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणायची पद्धत, तर आत्याबाई. ठेंगण्या, आवाज मात्र यार्डातल्या इंजिनाच्या शिटीचा. पोरीची नाळ पडली आणि घरात पहिला मोठा वाद झाला.

आत्याबाईंना नाळ पुरायची होती. गावाकडे परसात पुरतात. इथं परसात होतं सिमेंट, आणि सिमेंट संपलं की मुरूम. त्या नाळ फडक्यात बांधून घरभर फिरल्या आणि शेवटी समोरच्या त्या तयार खड्ड्याकडे निघाल्या.

हे आडवे आले. "माय, हे सारं सोडून आलो न आपण? मंग आता कायले?"

"देव सोडले बाप्पा. नाळ कशी सोडू?" आत्याबाई म्हणाल्या. "लेकराची नाळ कचऱ्यात फेकू काय? इथंच राहाचं हाय न तुले? मंग तिची नाळ बी इथंच राहीन."

हे बाजूला झाले. मी तर बाजेवरची बाळंतीण, मला कोण विचारतो. आत्याबाईंनी खड्ड्यात खोल हात घालून नाळ ठेवली, वर माती लोटली, आणि पुढे पावसात बागकामाच्या टोळीनं नेमकं तिथंच रोप लावलं. ही अक्कल एकट्या आत्याबाईंची होती असं नाही. पुढं कळलं, त्या ओळीतल्या कितीतरी घरांनी तेच केलं होतं — आंध्रातल्या, बंगालातल्या, आमच्याकडच्या. सगळ्या सेक्टरात मऊ माती तेवढीच होती, करतील काय बिचाऱ्या.

आमच्या रोपाचे लाड सुरू झाले. डाळ धुतलेलं पाणी त्याला, तांदूळ धुतलेलं त्याला, सुजाताच्या आंघोळीचं त्याला. प्रत्येक रोपाभोवती विटांचं गोल जाळीदार कोंडाळं होतं. बाकीची रोपं अजून आत दडलेली, आमचं पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कोंडाळ्याच्या वर डोकं काढून रस्त्याकडे बघायला लागलं होतं. आत्याबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दाखवायच्या.

या झाडांना पाणी घालायला समारिन नावाची रेजा, म्हणजे मजूरबाई, होती. इकडचीच, छत्तीसगढी, साधारण माझ्या वयाची. हा रस्ता जिथून गेला तिथं तिच्या बापाचं धानाचं शेत होतं, असं ती सांगायची. रागानं नाही, आपण रेल्वेतून मागे गेलेलं स्टेशन दाखवतो तशी हात करून दाखवायची. रोज सकाळी आमच्या ओळीला पाणी घालून झालं की ती ओट्यावर टेकायची आणि मी तिला चहा द्यायचे. आमच्या घरच्या कपात, आमच्याबरोबर. ही कपाची गोष्ट ध्यानात ठेवा.

आता तो दिवस.

मे महिना. ओळीतली बहुतेक घरं कुलूपबंद, कारण शाळांना सुट्टी लागली की सगळी भिलाई आपापल्या गावी पळायची. आत्याबाई एका लग्नाला राजनांदगावला गेलेल्या, ह्यांची ड्यूटी. घरात मी आणि सुजाता. पोरगी सकाळपासून किरकिरत होती. दुपारी जेवणं झाल्यावर तिचं किरकिरणं थांबलं, मला बरं वाटलं, म्हटलं झोपली. थोड्या वेळानं हात लावला तर अंग चुलीतल्या विटेसारखं. कोरडं, घामाचा थेंब नाही. डोळे अर्धे उघडे आणि बुबुळं वर गेलेली. मी हाक मारली, गालावर थापट्या मारल्या, ओठांना पाणी लावलं. पाणी तसंच बाहेर आलं.

लू लागली होती, उन्हाचा झटका. आमच्या नागपूरकडच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. आणि लू लागून लेकरू गप्प पडलं की पुढं काय होतं, तेही आमच्या वस्तीत पाहिलेलं होतं मी.

शेजारच्या दाराला कुलूप. पलीकडच्या दाराला कुलूप. दवाखाना रस्त्याच्या पार दुसऱ्या टोकाला. मध्ये झाड नसल्यामुळं आमच्या दारातून त्याची पांढरी भिंत दिसायची. रिक्षा नाही, माणूस नाही, कुत्रंसुद्धा नाही. मी ओला पंचा पोरीभोवती गुंडाळला, एक कांदा फोडून तिच्या डोक्याशी धरला आणि निघाले. फाटकातच चपलेचा अंगठा तुटला. चपला तिथंच टाकल्या.

आमच्या दारासमोरचं ऊन मला अजून आठवतं. रस्त्याचं नवं डांबर मऊ झालं होतं आणि पाय ठेवला तेव्हा कळ थेट डोक्यात गेली. मी ओरडले बहुतेक. आमच्या रोपाशेजारून गेले, पुढं दोन पावलं टाकली —

— आणि पायाखालचा रस्ता गार झाला.

मला आधी वाटलं, आभाळ आलं. मेमध्ये येतं कधी कधी दुपारचं. मी मान वर केली नाही, माझं लक्ष पोरीच्या तोंडाकडे. पण प्रकाश वेगळा होता. हिरवट होता. तिच्या गालावर बारीक बारीक कवडसे हलत होते. आणि आवाज! राघू, साळुंक्या, आणखी कुठले कुठले, डोक्यावर नुसता कलकलाट. पायाखाली काहीतरी चिकटत होतं, गुळासारखं. मी एकदा उभी राहून तळवा दुसऱ्या पायाला पुसला आणि पुढे गेले, पुन्हा चिकटलं, पुन्हा पुसला. गोडसर वास होता. वारासुद्धा होता, पण तो भट्टीचा वारा नव्हता. माठाच्या शेजारी बसल्यावर लागतो तसा होता.

एकदाच वर पाहिलं. वर आकाश नव्हतं. दोन्हीकडून फांद्या आलेल्या, जाड, काळ्या, माणूस आडवा झोपेल एवढ्या. त्यांवर पानं, पानांवर पानं. इतक्या उंच की बघताना मान दुखली. मी रस्त्याच्या मधून चालले होते आणि माझ्या दोन्ही बाजूंनी बुंधे उभे होते, पुढेही बुंधे, दवाखान्यापर्यंत. मला भीती वाटली नाही हो. खरं सांगते, एवढासाही भीतीचा लवलेश नाही. मला एवढंच वाटलं की केवढी मोठी आहेत ही! आणि रडू आलं. लहानपणी नागपूरच्या गर्दीत हरवले होते आणि वडिलांनी अचानक उचलून खांद्यावर घेतलं होतं, तेव्हा आलं होतं तसं.

आणि मग माझ्या मनगटाला ओल लागली. पंचा तर केव्हाच वाळला होता. पाहिलं तर सुजाताच्या मानेवर घाम आला होता. घाम! तिनं तोंड वेडंवाकडं केलं आणि बारीकसा आवाज काढला. मी पळत सुटले.

दवाखान्यात केरळची एक सिस्टर होती. तिनं पोरीला ओढूनच घेतलं माझ्या हातातून. तपासलं, काहीतरी दिलं, ओल्या चादरीत ठेवलं, आणि मग माझ्याकडे वळली. "बच्ची को पसीना आ गया, बच जाएगी," म्हणाली. "किसका गाड़ी में आया?"

"पैदल."

तिनं माझे पाय पाहिले. खाली बसून तळवे उलटे करून पाहिले. उजव्या टाचेला एक फोड होता, बाकी पाय स्वच्छ. तिला पटेना. "इतना धूप में? बच्ची का सिर ठंडा है. छाँव कहाँ मिला?"

"रस्ते में," मी म्हटलं. "पेड़ हैं ना."

सिस्टरनं खिडकीकडे पाहिलं. मीही पाहिलं.

बाहेर रस्ता पडला होता. पांढराफटक, सरळ, आमच्या ओळीपर्यंत. दोन्ही कडांना विटांची बुटकी कोंडाळी. त्यांवर ऊन असं पडलं होतं की डोळे मिटावे लागत होते. माणूस उभा राहील एवढी सावली कुठंच नव्हती. मी किती वेळ त्या खिडकीशी उभी होते कुणास ठाऊक. सिस्टरनं मला हाताला धरून बाकावर बसवलं आणि मलाही मीठ-साखरेचं पाणी दिलं.

दवाखान्यातून यार्डात फोन गेला, हे धावत आले. रात्र आम्ही तिथंच काढली. मी ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्या कपाळाला हात लावून म्हणाले, "तुलेच लू लागली होती. असं होते. यार्डात लोकांले रुळावर पाणी दिसते." मला पटलं. खरंच पटलं. मी माझ्या वडिलांची मुलगी. लू लागली होती, संपला विषय.

सकाळी पोरीला घेऊन रिक्षानं घरी आलो. तर दारासमोर आत्याबाई. पहाटेच्या गाडीनं परत आल्या होत्या. पण ओट्यावर नव्हत्या बसल्या. रस्त्याच्या कडेला, आमच्या झाडाच्या कोंडाळ्याला डोकं टेकून मातीत बसल्या होत्या, पिशवी एकीकडे, काठी एकीकडे. त्यांनी आम्हाला पाहिलं, आणि ती इंजिनाच्या शिटीची बाई, तिनं हातानंच विचारलं.

ह्यांनी सुजाताला त्यांच्या मांडीवर ठेवलं. पोरीनं त्यांचं नाक धरलं. मग मात्र त्या रडल्या, मोकळ्यानं, रस्त्यावर बसून.

मी कोंडाळ्यात पाहिलं. आमचं रोप वाळलं होतं. वाळलं म्हणजे कोमेजलं नव्हे. पानं कुरकुरीत, हात लावला की चुरा, दांडा आतपर्यंत काळा. आदल्या दुपारी मी त्याच्या शेजारून गेले तेव्हा ते हिरवंगार, डोकं वर काढून उभं होतं. डाव्या बाजूचं रोप धड होतं. उजव्या बाजूचं धड. सगळी ओळ धड. ओळीत सगळ्यात जोमाचं तेवढं एक गेलं.

"घराले कुलूप अन् झाड असं," आत्याबाई म्हणाल्या. "मले वाटलं पोरगी गेली. कोठी जाऊ, कोणाले विचारू? इथंच बसली."

हे म्हणाले, "झाडालेही लू लागते, माय." पण हळू म्हणाले.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हे लिहिलंच नसतं. ऊन, लू, घाबरलेली आई, वाळलेलं रोप. होतं असं. पण मग समारिनचं सुरू झालं.

तिनं आमच्या ओट्यावर येणं सोडलं. पाणी घालायची, पण आमच्या घरापुढं आली की मान खाली, पाय उचलून भराभर. मी चहाला हाक मारली तर ऐकू न आल्यासारखं केलं. दुसऱ्या दिवशी मी कप घेऊन तिच्याकडे गेले तर बादली टाकून मागं सरकली. "नइ पियँव," म्हणाली, आणि माझ्या हाताला हात लागू नये म्हणून पदर आवरून घेतला.

हे आत्याबाईंनी दारातून पाहिलं.

वाचणाऱ्यांपैकी काहींना इथं काहीच वाटणार नाही, आणि काहींना लगेच कळेल. आम्हाला कळलं. आमच्या हातचं पाणी न पिणारी माणसं बघत आत्याबाईंची अख्खी हयात गेली होती. गाव सोडलं, जुनं सगळं सोडलं, इथं कारखान्यात सगळे एका नळाचं पाणी पितात म्हणून त्यांना भिलाई आवडायची. कुणीतरी या पोरीला आपली जात सांगितली असणार! त्यांचा चेहरा पाहवेना. त्या तरातरा गेल्या आणि समारिनचा दंड धरला.

"काय वं? इतके दिवस पेली तवा गोड लागला न चहा? आता कोणं काय सांगतलं तुले? बोल! कावून नाही पेत?"

समारिनला मराठी कळायचं. तिनं आत्याबाईंकडे नाही, माझ्याकडे बोट केलं. माझ्या पायांकडे. आणि खरं सांगते, ती जातीबितीचं काही बोललीच नाही. ती म्हणाली, "मैं तोला परेतिन समझेंव, बाई."

परेतिन म्हणजे हडळ.

आत्याबाईंचा हात सुटला. मी तर हसलेच. पण समारिन रडत होती, रडत रडतच तिनं सांगितलं. त्या दुपारी ती रस्त्याकडेच्या पुलियाखाली, म्हणजे मोरीच्या छोट्या पुलाखाली, सावलीला बसली होती. तिथून तिनं मला पाहिलं. भर उन्हात, अनवाणी, कडेवर लेकरू. तिला वाटलं मला हाक मारावी, पाणी द्यावं. पण मी हळूहळू चालत होते, घरच्या अंगणात चालावं तशी. मध्येच वर बघत होते. मध्येच उभी राहून एक तळवा दुसऱ्या पायाला पुसत होते... ही तळव्याची गोष्ट मी तोवर कुणाला सांगितली नव्हती. ह्यांनासुद्धा नाही.

"फेर भुइयाँ म तोर छइहाँ नइ परत रिहिस," ती म्हणाली.

जमिनीवर माझी पडछाया नव्हती. उन्हं कलली होती, विटांच्या कोंडाळ्यांची सुद्धा लांब पडछाया पडली होती, हे तिनं पाहिलं. माझी नव्हती. लेकराची नव्हती. मी तिच्यासमोरून गेले, आणि पायाखाली नुसतं उन्हानं पांढरं दिसणारं डांबर.

मला कळायला थोडा वेळ लागला. आणि कळलं तेव्हा अंगावर काटा आला, तो आज लिहितानाही येतो आहे. झाडाखालून चालणाऱ्या माणसाची पडछाया पडत नाही. तिनं पाहिलं ते ऊन तिचं होतं. मी चालले ती सावली माझी होती. आणि रस्ता एकच होता.

आत्याबाईंनी काय केलं सांगते. त्यांनी समारिनला ओट्यावर आणून बसवलं, मला म्हटलं, "आता सकाळच्या उन्हात उभी राह्य." मी उभी राहिले. माझी पडछाया ओट्यावर, समारिनच्या पायांवर पडली. "पाह्य," आत्याबाई म्हणाल्या, "परेतिन नाही, सून हाय माही. पे आता चहा." समारिननं माझी पडछाया हातानं चाचपून पाहिली आणि चहा प्याली. आमच्या कपात. आत्याबाई आत जाऊन डोळे पुसून आल्या, ते मी पाहिलं. आयुष्यात एकदाच मी भुताच्या गोष्टीत आले, तीही भूत म्हणून!

मग वर्षं गेली. झाडं वाढली, रेन ट्री भराभर वाढतं. सुजाता शाळेत जायला लागली तेव्हा फांद्या क्वार्टरच्या छतापर्यंत आल्या होत्या. पुढं एका उन्हाळ्यात मी बाजारातून येत होते आणि चपलेला काहीतरी चिकटलं. पाहिलं तर काळपट चपटी शेंग, फुटलेली, आतून चिकट, गुळासारखा वास. त्या ओळीत पहिल्यांदाच शेंगा पडल्या होत्या. मी भाजीची पिशवी घेऊन तिथंच खाली बसले. लोक विचारायला लागले, काय झालं बाई, चक्कर आली काय.

आमच्या दारासमोरच्या कोंडाळ्यात पुन्हा रोप लावलं, ते जगलं नाही. पुन्हा लावलं, नाही जगलं. माती बदलली, दुसऱ्या जातीचं झाड आणलं, करंज लावून पाहिला. नाही म्हणजे नाही. शेवटी बागकामवाल्यांनी नाद सोडला. आजही त्या अख्ख्या रस्त्यावर वर पाहिलं तर आकाश दिसत नाही, आणि आमच्या जुन्या क्वार्टरसमोर मात्र तेवढा एक उन्हाचा तुकडा पडलेला असतो. ज्या तुकड्यात माझा पाय भाजला होता, तोच. त्या दुपारी माझ्यावर सगळ्या झाडांनी सावली धरली. फक्त सुजाताचं झाड तिथं नव्हतं.

आत्याबाई जिवंत असेतो रोज तिथं तांब्याभर पाणी घालायच्या. रिकाम्या मातीवर. हे चिडवायचे, "माय, कोणाले पाजून राहिली?" त्या तांब्या उपडा करून आत यायच्या. त्या गेल्या तेव्हा तेराव्याबिराव्याचं आमच्यात काही नव्हतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहिलं तर हेच तांब्या घेऊन निघाले होते.

आता मी मुलाकडे, भिलाईतच कुरुदच्या बाजूला राहते. हे गेले. मेमध्ये मी नातीला स्कूटी काढायला लावते, बाटली घेते, आणि तिथं जाऊन ओतून येते. ती म्हणते, "आजी, आप तो मानती नहीं ये सब." मानत नाहीच. लू मला लागली होती म्हणा, मला मान्य आहे. मग समारिन तर पुलियाखाली सावलीत बसली होती, तिला काय लागलं होतं? आणि सुजाताच्या मानेवर घाम कुठून आला, तो भर उन्हात का नाही आला, मी निघाले तेव्हाच का नाही आला... शिकलेल्या लोकांना विचारून पाहिलं मी. एकानं ताप कसा उतरतो ते सांगितलं, एकानं डोळ्यांचा भ्रम सांगितला. दोघांचंही बरोबर असेल. त्या फांद्यांकडे बघताना माझी मान दुखली होती, तेवढं त्यांच्या सांगण्यात कुठं बसत नाही.

मागच्या मेमध्ये सुजाता आली होती पुण्याहून. तिचेही केस पांढरे झाले आता. म्हणाली, या वेळी पाणी मी घालते. तिनं घातलं. मी सावलीत, शेजारच्या झाडाला हात टेकून उभी होते. म्हटलं, "चल वं, ऊन लागन."

"थांब न आई," ती म्हणाली. "जराशीक उभी राहू दे मले अठी."

ती त्या तुकड्यात उभी राहिली, डोक्यावर पदरसुद्धा न घेता. सगळ्या रस्त्यावर गर्द सावली आणि तेवढ्या उन्हात माझी मुलगी. मी खाली पाहिलं. त्या ओल्या मातीवर तिची पडछाया पडली होती, काळीभोर, डोक्यापासून पायापर्यंत पुरी. इतकी वर्षं झाली, ती घरी आली की मी आधी तेच बघते.